ही ओळ कुठल्या रेपोत आहे?

मराठी विकिपीडियावरचं कुठलंही पान घ्या. रायगडाचं घ्या. वर शोधाची चौकट, लेखाच्या डोक्यावर संपादनाचा दुवा, बाजूला माहितीचौकट, तळाशी वर्गांची ओळ. वाचणाऱ्याच्या दृष्टीने हे एक पान आहे. कोडच्या बाजूने गेलं की त्याचे तुकडे दिसू लागतात. पानांच्या नावाआधी येणारे ‘साचा’, ‘वर्ग’, ‘सदस्य’ हे शब्द मीडियाविकी या मूळ सॉफ्टवेअरच्या रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, मराठीसाठी ठेवलेल्या एका पीएचपी फाइलीत आहेत. त्यांच्याच पंगतीतला ‘दालन’ हा शब्द तिथे शोधून सापडत नाही. तो विकिमीडियाच्या सर्व्हरांची मांडणी ठरवणाऱ्या दुसऱ्याच रेपोत आहे, कारण दालन ही सोय मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. ती त्या त्या विकीसाठी वेगळी सांगावी लागते. पानाचं रंगरूप ‘व्हेक्टर’ नावाच्या तिसऱ्या रेपोतून येतं. माहितीचौकटीचा आराखडा तर कुठल्याच रेपोत नाही. तो विकीवरच्याच एका साच्यात आहे आणि तुम्हीआम्ही तो विकीवर बसूनच बदलतो. पण त्या साच्यामागची लुआ भाषेतली मोड्यूलं चालवणारं ‘स्क्रिबन्टो’ चौथ्या रेपोत आहे, आणि चौकटीतला एखादा आकडा विकिडेटावरून येत असेल तर तो आणून देणारं ‘विकिबेस’ पाचव्या.

या पुस्तिकेचा विषय एवढाच आहे. पडद्यावर एखादी गोष्ट खटकली, तर तिची ओळ कुठे आहे हे कसं शोधायचं, आणि सापडल्यावर कुणाचं दार ठोठावायचं. प्रोग्रॅमिंग शिकवणारी पुस्तकं भरपूर आहेत. गिट शिकवणारीही आहेत. पण गिट येणारा माणूससुद्धा मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या उंबरठ्यावर अडखळतो, आणि बहुतेक वेळा तो कोडमुळे अडखळत नाही. विकिमीडियाच्या गेरिट सर्व्हरवर रेपोंची संख्या हजाराच्या पुढे आहे. उत्साही माणूस काय करतो? मीडियाविकीचा गाभा क्लोन करतो, हवा तो शब्द त्यात शोधतो, शब्द सापडत नाही, आणि आपल्यालाच काही कळत नसावं असं समजून संध्याकाळपर्यंत नाद सोडतो. त्याला कळत असतं सगळं. तो चुकीच्या रेपोत शोधत असतो, इतकंच.

मला या प्रस्तावनेत एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. रेपोंमधल्या सीमा तंत्रज्ञानाने थोड्या आणि जबाबदारीने जास्त आखलेल्या असतात. कुठली ओळ कुठे राहते याचं उत्तर ‘ती बदलण्याचा निर्णय कोण घेतं’ या प्रश्नाच्या उत्तरात दडलेलं असतं. म्हणून यादी पाठ करून उपयोग नाही. शेताचा बांध पाहून मालक कळत नाही, त्याला सातबारा काढावा लागतो. तसंच इथेही नुसतं फोल्डर पाहून भागत नाही, कुणाच्या नावावर काय लागलं आहे ते पाहावं लागतं. मीडियाविकीच्या संकेतस्थळावर असा एक सातबारा खरोखर आहे. कुठला भाग कोणत्या गटाकडे, गाभ्याला जोडलेल्या कोणत्या विस्ताराला, म्हणजे एक्स्टेन्शनला, सध्या वालीच नाही, हे सांगणारं देखभालकर्त्यांचं पान तिथे आहे. पुस्तिकेच्या पहिल्याच प्रकरणात ते आहे, कोडच्या आधी.

हे सगळं एका दिवशी कुणी ठरवून केलेलं नाही. २००१च्या जानेवारीत विकिपीडिया सुरू झाला तेव्हा तो यूजमॉडविकी या पर्ल भाषेतल्या आयत्या सॉफ्टवेअरवर चालत होता. जानेवारी २००२मध्ये माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेलं पीएचपीतलं सॉफ्टवेअर आलं, आणि वाढत्या गर्दीपुढे तेही दमलं म्हणून त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी ते नव्याने लिहिलं. ही तिसरी फेरी. पुढे सगळा कोड सबव्हर्जनमध्ये ठेवला गेला तेव्हाही गाभ्याच्या फोल्डरचं नाव ‘फेज थ्री’ असंच राहिलं. जुन्या नोंदी वाचताना हे नाव भेटतं आणि नवा माणूस फेज वन, फेज टू कुठे आहेत म्हणून हुडकत बसतो. ते नाहीत.

सबव्हर्जनच्या काळात गाभा आणि एक्स्टेन्शन एकाच रेपोत, शेजारशेजारच्या फोल्डरांत नांदत होती. गाभ्यातल्या एखाद्या फंक्शनचं नाव बदललं, तर ते वापरणाऱ्या पंचवीस एक्स्टेन्शनांतही त्याच कमिटमध्ये बदलून मोकळं होता येई. कमिट आधी आत जायची, तपासणी मागाहून व्हायची. मार्च २०१२मध्ये मीडियाविकी गिटवर आली आणि चित्र पालटलं. गिटमध्ये क्लोन करणं म्हणजे सगळा इतिहास घरी घेऊन येणं. एका लहानशा एक्स्टेन्शनसाठी कुणी शेकडो एक्स्टेन्शनांचा इतिहास का उतरवावा? शिवाय परवानग्या रेपोगणिक देता येतात. म्हणून प्रत्येक एक्स्टेन्शनला आपापला रेपो मिळाला, आणि गेरिटमुळे तपासणी आधी, मर्ज नंतर असा क्रम आला.

हा निर्णय योग्य होता का? यावर आजही दोन मतं ऐकू येतात. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने २०१९मध्ये नेमकी उलटी वाट धरली आणि आपले विखुरलेले भाग एका मोठ्या रेपोत आणले. लिनक्स कर्नलचं आणखी वेगळं: तिथे झाड एकच, पण त्याच्या प्रती अनेक. लिनस टोरवाल्ड्स यांची एक, प्रत्येक उपविभागाच्या प्रमुखाची एक. आणि कुठली फाइल कुणाकडे हे सांगणारी ‘मेंटेनर्स’ नावाची फाइल झाडाच्या मुळाशीच ठेवलेली. अँड्रॉइडवाल्यांनी शेकडो गिट रेपो एकदम हाताळायला ‘रेपो’ याच नावाचं वेगळं हत्यार केलं, आणि कुठला रेपो कुठे ठेवायचा याची यादी एका एक्सएमएल फाइलीत लिहिली. माझं मत विचाराल तर मीडियाविकीची विभागणी तिच्या स्वभावाला धरून आहे. तिची एक्स्टेन्शन लिहिणारे सगळे विकिमीडियाचे लोक नाहीत. कुणी आपल्या कंपनीच्या अंतर्गत विकीसाठी लिहितं, कुणी विद्यापीठासाठी. या सगळ्यांना एका छपराखाली कोंबलं असतं तर भांडणंच जास्त झाली असती.

किंमत मात्र मोजावी लागते. गाभ्यातलं फंक्शन आता एका फटक्यात काढता येत नाही. ते आधी कालबाह्य म्हणून जाहीर करायचं, वापरणाऱ्यांना इशारा दिसू द्यायचा, मध्ये वेळ जाऊ द्यायचा, मग काढायचं. यासाठी लेखी धोरणच आहे. आणि दोन रेपोंतले बदल एकमेकांवर अवलंबून असतील तर कमिटच्या संदेशात ‘डिपेंड्स-ऑन’ अशी एक ओळ घालून दुसऱ्या बदलाची ओळख द्यायची. झूल नावाची चाचणी-व्यवस्था मग दोन्ही बदल एकत्र मांडून तपासते. झूल मुळात ओपनस्टॅकवाल्यांनी बांधलं. त्यांच्याकडेही रेपोंचा असाच सुळसुळाट होता, त्यामुळे दुखणं त्यांना ठाऊक होतं.

आता शोधायचं कसं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी युक्ती सगळ्यात कमी माहीत असलेली आहे. विकीच्या कुठल्याही पानाच्या पत्त्याला शेवटी ‘युजलँग’ हा पर्याय जोडायचा आणि भाषा म्हणून ‘क्यूक्यूएक्स’ द्यायची. अशी भाषा जगात नाही. पण पान पुन्हा उघडतं तेव्हा बटणांवरचे, दुव्यांवरचे, सूचनांमधले शब्द गायब होतात आणि त्यांच्या जागी, कंसात, त्या त्या संदेशाचं आतलं नाव दिसतं. या नावांचे पहिले शब्द बोलके असतात. ‘व्हेक्टर’ने सुरू होणारं नाव स्किनमधलं, ‘व्हिज्युअलएडिटर’ने सुरू होणारं दृश्य संपादकातलं, ‘इको’ने सुरू होणारं सूचनांच्या एक्स्टेन्शनमधलं. असा काही उपसर्ग नसेल तर बहुधा गाभ्यातलं. अर्ध्या मिनिटात हजार रेपोंचा प्रश्न एका रेपोवर येतो.

नाव मिळालं की कोडसर्च. विकिमीडियाचे बहुतेक सगळे रेपो एकाच वेळी चाळणारं हे शोधयंत्र आहे. संदेशाचं नाव त्यात टाकलं की तो कुठल्या फाइलीत लिहिला आहे आणि कुठल्या फाइलीतून वापरला जातो, दोन्ही कळतं. स्वतःच्या संगणकावर काहीही उतरवून घ्यायची गरज नाही. नव्या लोकांना मी हेच सांगतो, की क्लोन करणं ही शेवटची पायरी आहे.

मग तो मराठी शब्द चुकीचा असेल तर? इथे पहिला सापळा आहे. बहुतेक रेपोंत भाषांतरांचं एक फोल्डर असतं, त्यात ‘एमआर’ नावाची जेसन फाइल असते, ती उघडली की चुकीची ओळ समोर दिसते. हात शिवशिवतात. पण तिथे पॅच देऊन उपयोग नाही. विकसक फक्त इंग्रजी फाइल आणि ‘क्यूक्यूक्यू’ ही संदेशांच्या खुलाशांची फाइल हाताने लिहितात. बाकी सगळ्या भाषा ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावरून येतात. निक्लास लाक्सस्ट्रोम या फिनिश विकसकाने सुरू केलेलं हे ठिकाण आहे. तिथे मराठी जाणणारा कुणीही शब्द सुधारू शकतो, आणि तिथला बॉट ती सुधारणा त्या त्या रेपोत नेऊन टाकतो. रेपोत तुम्हाला दिसली ती ओळ म्हणजे तिचं उगमस्थान नव्हे. त्यातही एक पोटसापळा आहे: मराठी विकिपीडियाच्या प्रचालकांनी ‘मिडियाविकी’ नामविश्वात तोच संदेश स्थानिक पातळीवर बदलून ठेवला असेल, तर ट्रान्सलेटविकीवर कितीही सुधारा, पानावर स्थानिक रूपच दिसणार.

भाषांच्या नावांची गोष्ट याहून लांबची. एखाद्या भाषेचं नाव मराठीत चुकीचं दिसत असेल तर ते ‘सीएलडीआर’ नावाच्या एक्स्टेन्शनमधून आलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि त्या एक्स्टेन्शनने ते युनिकोड संस्थेच्या सामायिक माहितीसाठ्यातून उचललेलं असतं. म्हणजे खरी दुरुस्ती विकिमीडियाच्या हद्दीबाहेर. एक्स्टेन्शनमध्ये तात्पुरत्या स्थानिक दुरुस्त्यांसाठी वेगळं फोल्डर आहे, त्यामुळे काम भागतं. पण युनिकोडकडे ती नेली तर फोनवरच्या मराठीलाही तिचा फायदा होतो.

एक उदाहरण जवळून पाहू. मराठी विकिपीडियावर लिहिताना शोधाच्या चौकटीत किंवा संपादनात थेट देवनागरी उमटवता येते. समजा, ‘दुसऱ्या’ किंवा ‘ऱ्हास’मधला ऱ उमटवण्याची पद्धत तुम्हाला गैरसोयीची वाटली. ही सोय देणारं एक्स्टेन्शन आहे ‘युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर’. त्याचा रेपो गेरिटवर आहे. आत शोधलं की ‘लिब’ फोल्डरात जेक्वेरी आयएमई सापडतं आणि त्यात मराठीच्या नियमांची फाइलही सापडते. इथेच थांबून पॅच लिहिला तर तो परत येईल, कारण ती फाइल नक्कल आहे. जेक्वेरी आयएमई हा स्वतंत्र प्रकल्प आहे आणि त्याचं मूळ गिटहबवर आहे. तिथे ‘रूल्स’ फोल्डरात मराठीचं आपलं उपफोल्डर आहे: लिप्यंतराची फाइल वेगळी, इन्स्क्रिप्टची वेगळी.

लिप्यंतराची फाइल वाचायला अवघड नाही. जोड्यांची एक लांब यादी आहे. डावीकडे, आत्तापर्यंत काय टंकलं गेलं त्याचा नमुना. उजवीकडे, त्याच्या जागी काय यायचं ते. ‘क’साठीची रोमन कळ दाबली की आधी हलन्त ‘क्’ उमटतो, पुढे ‘ए’ ही कळ आली की हलन्त गळून पूर्ण ‘क’ होतो, ‘आय’ आली की ऱ्हस्व वेलांटी. यादी वरून खाली तपासली जाते आणि पहिला जुळणारा नियम लागू होतो. म्हणून नवा नियम कुठे घातला याला महत्त्व आहे: लांब नमुना आखूड नमुन्याच्या खाली गेला तर त्याची पाळीच येत नाही. नियमासोबत चाचणीच्या फाइलीतही एक ओळ द्यायची, की अमुक कळा दाबल्या तर अमुक अक्षर आलं पाहिजे.

पुढचा प्रवास असा. गिटहबवर तुमचा बदल तपासून मर्ज होतो. मग कुणीतरी जेक्वेरी आयएमईची नवी नक्कल गेरिटवरच्या एक्स्टेन्शनमध्ये आणण्याचा वेगळा बदल लिहितं. त्याचीही तपासणी होते. मंगळवारी त्या आठवड्याची नवी ब्रँच चाचणीच्या विकींवर जाते, बुधवारी विकिस्रोत, विक्शनरी यांसारख्या प्रकल्पांवर, आणि गुरुवारी बहुतेक विकिपीडियांवर. म्हणजे मराठी विकिस्रोतावर तुमचा ऱ एक दिवस आधी उमटतो. ही साप्ताहिक फेरी विकिमीडियात ‘ट्रेन’ म्हणून ओळखली जाते, आणि काही बिघाड दिसला तर ती मध्येच थांबवतातही. एका अक्षरासाठी दोन संकेतस्थळं, दोन खाती, दोन तपासण्या. हे जास्त वाटतं, मान्य आहे. पण जेक्वेरी आयएमई वेगळं ठेवल्यामुळेच विकीशी काही संबंध नसलेलं कुठलंही संकेतस्थळ ते फुकट वापरू शकतं.

गिटहबचं नाव निघालं म्हणून दुसरा सापळा सांगून टाकतो. मीडियाविकीचा गाभा आणि जवळजवळ सगळी एक्स्टेन्शन गिटहबवरच्या विकिमीडियाच्या खात्यातही दिसतात. ते आरसे आहेत. कोड वाचायला उत्तम, बदल पाठवायला निरुपयोगी. पण त्याच खात्यात जेक्वेरी आयएमईसारखे काही रेपो खरे असतात. त्यात आता गिटलॅबची भर पडली आहे: काही प्रकल्प तिकडे गेले, गाभा आणि एक्स्टेन्शन गेरिटवरच राहिली. खरा कुठला आणि आरसा कुठला, हे रेपोच्या वर्णनात लिहिलेलं असतं. ते आधी वाचावं.

तिसरा सापळा रिकाम्या फोल्डरांचा. दृश्य संपादकाचं एक्स्टेन्शन क्लोन केलं आणि संपादनाचा खरा कोड असलेलं फोल्डर उघडलं तर आत काहीच नाही, असं होतं. संपादकाचा गाभा वेगळ्या रेपोत आहे आणि इथे तो सबमोड्यूल म्हणून जोडलेला आहे. तो वेगळा मागवावा लागतो. विकिबेसमध्ये नेमकं उलट: रेपो एक आणि आत एक्स्टेन्शन दोन, माहिती साठवणारं एक आणि ती दुसऱ्या विकीवर दाखवणारं दुसरं. एका रेपोत एक गोष्ट, असा नियम कुणी गृहीत धरू नये.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र मांडणीच्या रेपोचं आहे, ज्यात ‘दालन’ राहतं. तांत्रिकदृष्ट्या तिथला बदल सर्वांत सोपा. एका प्रचंड पीएचपी फाइलीत मराठी विकिपीडियाच्या नावासमोर एक ओळ घालायची, संपलं. शाळकरी मुलालाही जमेल. तरीही तो पॅच नुसता पाठवून चालत नाही. आधी विकिपीडियाच्या चावडीवर चर्चा व्हावी लागते, सहमती दिसावी लागते, फॅब्रिकेटर या विकिमीडियाच्या काम-नोंदवहीतल्या नोंदीत त्या चर्चेचा दुवा द्यावा लागतो. तेव्हा कुठे तो बदल ठरलेल्या वेळेला सर्व्हरांवर चढतो. गाभ्यातला अवघड बदल जाणकारांच्या तपासणीवर पुढे जाऊ शकतो आणि इथली एक ओळ अख्ख्या समाजाला विचारल्याशिवाय हलत नाही. कारण ती ओळ कोडची नाही, धोरणाची आहे.

जुना इतिहास खणणाऱ्यांसाठी दोन खुणा. कोडच्या टिपांमध्ये ‘बग’ आणि पुढे आकडा दिसला, तर तो बगझिला या जुन्या नोंदवहीतला. २०१४मध्ये सगळ्या नोंदी फॅब्रिकेटरवर आल्या तेव्हा प्रत्येक आकड्यात २००० मिळवले गेले. म्हणजे जुना १२३४ हवा असेल तर फॅब्रिकेटरवर ‘टी’ लावून ३२३४ शोधायचा. आणि गेरिटवरच्या प्रत्येक बदलाला एक ‘चेंज-आयडी’ असते. तोच बदल जुन्या आवृत्तीच्या ब्रँचमध्ये नेला तरी ती तशीच राहते, त्यामुळे एखादी दुरुस्ती कुठवर पोचली हे तिच्यावरून काढता येतं. कमिटचा हॅश बदलतो, ही बदलत नाही.

स्वतःच्या संगणकावर मीडियाविकी बसवणाऱ्यांनी ब्रँचकडे लक्ष ठेवावं. गाभा १.४३ आवृत्तीचा असेल तर एक्स्टेन्शनचीही त्याच आकड्याची ब्रँच घ्यायची. गाभा जुना आणि एक्स्टेन्शन मास्टरवरचं, अशी खिचडी केली की येणाऱ्या चुकांच्या ओळी वाचून काहीच बोध होत नाही. पार्सॉइडसारखी जी ग्रंथालयं गाभा कंपोझरमार्फत ओढतो, ती ‘व्हेंडर’ नावाच्या रेपोतही एकत्र ठेवलेली असतात. त्यांचाही आकडा जुळवावा लागतो. चालू विकीवर नेमकी कुठली कमिट धावते आहे, हे ‘आवृत्ती’ या विशेष पानावर प्रत्येक एक्स्टेन्शनसमोर लिहिलेलं असतं.

ज्यांना फक्त मराठी शब्द सुधारायचे आहेत त्यांनी गिटची प्रकरणं वगळून सरळ ट्रान्सलेटविकीच्या प्रकरणाकडे जावं. ज्यांना साचे आणि गॅजेट लिहायची आहेत त्यांना रेपोंची गरज जवळपास नाहीच. पण स्थळभर चालणारी जावास्क्रिप्ट पानं २०१८पासून फक्त इंटरफेस प्रचालकच बदलू शकतात, त्याची पद्धत परिशिष्टात आहे. बाकीच्यांनी गेरिटचं खातं उघडून ठेवावं, गाभा, व्हेक्टर आणि आपल्या कामाचं एक एक्स्टेन्शन एवढंच क्लोन करावं, आणि दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी.